दादीच्या हातचा टॅको

दिवाळीच्या सुट्टीत लेक वसतिगृहातून बीडला आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "अम्मी, परवा माझ्या दोन मैत्रिणी जेवायला येणार आहेत. मी त्यांना मेक्सिकन जेवण कबूल केलंय."

तिला पाकिटातले तयार टॅको, बाटलीतला सॉस आणि चीज हवे होते. महिनाअखेर होती आणि आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात यातले काही मिळत नाही. मी खिमा-खिचडीचे नाव काढताच तिचा चेहरा उतरला. याच मुलीने गेल्या वर्षी डब्यात भाकरी द्यायला मनाई केली होती, मुली हसतात म्हणून. तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळी मात्र तिला मांडणीसमोर उभे केले आणि म्हटले, "यात मेक्सिकोचे काय काय आहे, ते मोज."

मका तिकडचा. मिरची, टोमॅटो, राजमा आणि लाल भोपळाही तिकडचा. 1492 नंतर युरोपची जहाजे अमेरिका खंडात जाऊ लागली आणि ही पिके जगभर पसरली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्याकडे तिखटासाठी मिरे वापरत. मिरचीला नावही त्यावरूनच पडले. टोमॅटो हा शब्द तर मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आला.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. कांदा, कोथिंबीर, जिरे, लिंबू, तांदूळ हे सारे स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेले. त्या स्पेनमध्ये 711 पासून जवळपास आठ शतके मुस्लिम सत्ता कुठे ना कुठे नांदली होती. म्हणून मेक्सिकोतली बाई आजही साखरेला 'असुकार' म्हणते, तेलाला 'असेइते' आणि तांदळाला 'अरोस'. हे तिन्ही शब्द अरबीतून आलेले. उर्दू शिकवताना मी 'शक्कर' शब्दाची कूळकथा सांगते, ती अशी थेट मेक्सिकोपर्यंत जाते.

मग तोर्तिया म्हणजे काय? तिथल्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, धुऊन वाटतात आणि त्याची पातळ भाकरी थापून सपाट तव्यावर भाजतात. चुन्याने दाण्यातले ब-3 जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. पुढे जिथे गरीब माणूस मक्यावरच जगू लागला, तिथे पेलाग्रा हा आजार पसरला. आजीबाईंची रीत सोडली की काय होते, याचा हा मोठा धडा आहे.

आम्ही चुन्याच्या वाटेला गेलो नाही. दोन वाट्या मक्याचे पिवळे पीठ, अर्धी वाटी कणीक आणि मीठ घेतले. (पांढरे कॉर्नफ्लॉवर चालत नाही.) लेकीने गार पाण्यात पीठ मळले आणि तीनही भाकऱ्या परातीतच फाटल्या. सासूबाईंचे माहेर सिल्लोडकडचे, मक्याच्या मुलखातले. गुडघ्यांमुळे कित्येक महिने त्या चुलीपाशी आल्या नव्हत्या. पलंगावरूनच म्हणाल्या, "पाणी आधणाचं घे, पोरी." मग न राहवून भिंतीला धरत उठल्या. उकळते पाणी थोडे थोडे ओतून पीठ झाकून ठेवले, कोमट असतानाच मळले आणि बिस्मिल्लाह म्हणून तळहाताएवढ्या बारा भाकऱ्या थापल्या. भाजल्या की लगेच फडक्यात गुंडाळायच्या, म्हणजे मऊ राहतात आणि दुमडताना मोडत नाहीत.

वाटीभर राजमा रात्रीच भिजवला होता. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. कच्चट राजमा पोटाला बाधतो. मग लसूण, कांदा, जिरे आणि लाल तिखटावर परतून घोटला. मेक्सिकोत यात बरेचदा डुकराची चरबी घालतात. म्हणून आपल्यासाठी घरचेच बरे, कशात काय आहे ते ठाऊक असते. चटणीसाठी तीन टोमॅटो, एक कांदा, दोन मिरच्या आणि चार लसूण पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजल्या आणि खलबत्त्यात मीठ घालून ओबडधोबड कुटल्या. वरून लिंबू, कोथिंबीर. चीजऐवजी दह्याचा चक्का. आदल्या दिवशीचा उरलेला खिमाही कामी आला.

मेक्सिकोच्या माणसाने याला तोर्तिया म्हटले नसते. चुन्याची ती चव त्यात नव्हती. पण दस्तरखानावर बाराच्या बारा संपल्या. शेवटी बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे ठेवली. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे बीडचे फळ, आणि त्याचे मूळही अमेरिका खंडातच मानतात.

एका मैत्रिणीने विचारले, "हे टॅको कुठून मागवले?" लेक क्षणभर थांबली. मग म्हणाली, "माझ्या दादीनं थापलेत. मक्याची भाकरी आहे ती." दोघी उठून आत गेल्या आणि सासूबाईंना पुन्हा एक भाकरी थापून दाखवावी लागली.

सुट्टी संपली. डब्यात तिने चपात्याच नेल्या, भाकरी नाहीच. पण निघताना दादीला विचारत होती, पाणी नेमके किती उकळले की पिठात ओतायचे? स्पॅनिशमध्ये 'असे घडो' म्हणायला 'ओहाला' शब्द आहे. तोही अरबीतून आला आहे, त्यात अल्लाहचे नाव आहे. पुढच्या सुट्टीत ती स्वतः भाकरी थापेल का? आम्ही म्हणतो, इन्शाअल्लाह.