गोळ्या संपल्या आणि रस्ते बंद होते

कोरोनाच्या काळात ताप आला, खोकला आला तर काय करायचे, हे घरोघरी पाठ झाले होते. पण ज्याची झोप उडाली, जीव घाबरा होऊ लागला, जो कुणाशी बोलेनासा झाला, त्याने कुठे जायचे, हे फारसे कुणी सांगितले नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. एसटी थांबली. वणीहून नाशिक सुमारे ४० किलोमीटर, आणि मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर नाशिकच. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चारच होती : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. शिवाय सरकारी दवाखान्यांचा सारा भार कोरोनाकडे वळलेला. हे केवळ आपल्याकडेच घडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १३० देशांची पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा विस्कळीत झाल्याचे आढळले.

आमच्या ओळखीतल्या एका खालांना कित्येक वर्षांपासून गोळ्या सुरू होत्या. एप्रिलमध्ये त्या संपल्या. मेडिकलवाल्याने नवी चिठ्ठी मागितली. नियमाने त्याचे बरोबरच होते. घरचे म्हणाले, "आता बऱ्या तर आहेत, काय गरज आहे?" थोड्याच दिवसांत त्यांची झोप गेली, जेवण सुटले. रमजान सुरू झाला होता, म्हणून सगळ्यांना तो रोज्याचा अशक्तपणा वाटला. अखेर मुलाने जुन्या चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांना पाठवला, व्हिडिओवर बोलणे करून दिले, तेव्हा औषध पुन्हा सुरू झाले.

फोनवरून उपचार देण्याची नियमावली सरकारने टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी काढली होती, हे किती जणांना माहीत होते? त्यातही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी काही औषधे, झोपेच्या काही गोळ्यांसह, वगळलेली होती. आणि दोन खोल्यांच्या घरात, एकाच मोबाइलवर, सासू, दीर, मुले यांच्यासमोर एखादी सून आपल्या मनातले काय सांगणार?

आपल्या समाजावर त्या दिवसांत आणखी एक ओझे आले. तबलिगी जमातच्या निमित्ताने साऱ्या मुसलमानांकडे संशयाने पाहिले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द केले आणि त्या प्रचारावरही ताशेरे ओढले. पण तोवर अनेकांनी दवाखान्यात नाव सांगतानाही धास्ती घेतली होती. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले. त्या काळात जनाज्याला मोजकीच माणसे, पुरशाला कुणी येणार नाही. गळ्यात पडून रडण्याचीही सोय उरली नाही. असे दुःख मनातच साचते.

काही अडथळे मात्र आपणच उभे केले आहेत. "लोक वेडी म्हणतील", "मुलीचे लग्न कसे होईल", "बाहेरचे काही झाले असेल". तावीज, दम यांच्यात महिने जातात. दुआ जरूर करावी, पण इलाज करणे हाही आपला दीनच शिकवतो. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते.

आता काय करता येईल? १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठी, हिंदीतही बोलता येते. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. घरात कुणाला गोळ्या सुरू असतील तर चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका. कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याला उपदेश करू नका, एकटे सोडू नका; लगेच मदत मिळवा.

अम्मीच्या साखरेच्या गोळ्यांची आठवण आपण रोज करतो. मनाच्या गोळ्यांचीही तितक्याच सहजपणे करायला शिकू या.