वाढ आणि निसर्गावरचा भार : बारामती-इंदापूरचा हिशेब

नीरा डावा कालवा 1885 मध्ये वाहू लागला आणि बारामतीच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस पसरला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दूध, द्राक्षं, औद्योगिक वसाहतही आली. निसर्गावरचा भार न वाढवता अशी भरभराट होऊ शकते का? या प्रश्नाभोवती अनेक गैरसमज आहेत.

गैरसमज : हानी धुराड्यांमुळे होते, शेतीतली वाढ निर्धोक असते.

वस्तुस्थिती : कालव्याला पंचवीस वर्षं होत होती, तेव्हाच, 1910 मध्ये, हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे या शेतीशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारी काळ्या रानात मोकाट पाणी दिलं की भूजल वर चढतं. ते उन्हाने उडून जातं, क्षार मात्र मातीत राहतात. विकलेला ऊस देशाच्या उत्पन्नात मिळवला जातो. नापीक झालेलं रान त्यातून वजा होत नाही.

गैरसमज : ठिबक केलं की पाणी वाचलंच.

वस्तुस्थिती : एकरी नक्की वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर विहिरीचा उपसा तेवढाच राहतो. शिवाय पाटाचं पाणी पाझरून खालच्या विहिरींना मिळायचं, तेही आटतं. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाबाबत हेच दाखवलं होतं : इंजिनं काटकसरी झाली आणि कोळशाचा एकूण खप वाढला. राज्य सरकारने 2017 मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. अशा सक्तीला एकूण उपशाच्या मर्यादेची जोड लागते.

गैरसमज : श्रीमंत देशांत वाढीची आणि प्रदूषणाची फारकत झाली, आपल्याकडेही आपोआप होईल.

वस्तुस्थिती : ब्रिटनची अर्थव्यवस्था 1990 पासून वाढली आणि देशातलं कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आलं. त्यामागे 2008 चा हवामान बदलाविषयीचा कायदाही होता, आणि कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र 2024 मध्ये बंद झालं. तरीही आयात मालामागचं उत्सर्जन धरलं की ही घट कमी भरते. भारतात 2005 ते 2020 या काळात उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन 36 टक्क्यांनी घटलं, पण एकूण उत्सर्जन वाढलं.

भार दुसऱ्याच्या हद्दीत जाणं म्हणजे काय, हे इंदापूरला ठाऊक आहे. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात उतरतं. भिगवणच्या मच्छीमारांचं पोट आणि तिथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांचं खाद्य त्याच पाण्यात आहे.

गैरसमज : मग वाढ म्हणजे विनाशच.

वस्तुस्थिती : तसंही नाही. क्षारपड रानात भूमिगत चर काढून निचरा केला, तर ते पुन्हा पिकतं. आसवनीतल्या स्पेंट वॉश या सांडपाण्यापासून बायोगॅस करता येतो. पाणी, क्षार, तापमान यांचा पिकांवरचा ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून बारामतीजवळ माळेगाव खुर्दला आहे. ज्ञान दाराशी आहे. कमतरता एकूण बेरजेची आहे. कालव्याचा आणि विहिरींचा सगळा उपसा, क्षारपड झालेले हेक्टर आणि उजनीत येणारं सांडपाणी, हे आकडे दर हंगामात कारखान्यांच्या गाळप आणि साखर उताऱ्याच्या आकड्यांशेजारी छापले गेले पाहिजेत.