ताप उतरला, पण हातपाय गार पडले?

बाळाचा ताप उतरला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण ताप उतरूनही बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, हातपाय गार पडलेत, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. तो सेप्सिस असू शकतो.

न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पिकलेली नाळ, चिघळलेली जखम, अशा कुठल्याही संसर्गातून सेप्सिस होऊ शकतो. जंतूंशी लढताना शरीराचा तोल जातो आणि आपल्याच अवयवांना इजा होऊ लागते.

यात पहिला मार बसतो रक्तवाहिन्यांना. त्यांच्या आत पेशींचा पातळ थर असतो, फरशांसारखा एकमेकींना चिकटलेला. अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन या फरशांचे सांधे घट्ट ठेवतं. अँजिओपोएटिन-२ ते सैल करतं. तिसरं व्हीईजीएफ, ते नव्या रक्तवाहिन्या वाढवतं आणि भिंत झिरपतीही करतं. शरीराच्या वाढीला ही तिन्ही लागतात. पण सेप्सिसमध्ये पहिलं घटतं, दुसरं वाढतं. सांधे सुटतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. शरीर उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तोवर थांबलं तर फार उशीर होतो.

सेप्टिक शॉकमधल्या मुलांच्या रक्तात अँजिओपोएटिन-२ जास्त आणि १ कमी आढळलं आहे. तापाच्या कोणत्या मुलाला धोका जास्त, हे अशा खुणांवरून लवकर ओळखता यावं म्हणून युगांडासारख्या देशांतही संशोधन झालं आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी नेहमीची नाही. तिच्यासाठी धावाधाव करू नका. आज निदान होतं ते डॉक्टरांच्या तपासणीवर, रक्ताच्या नेहमीच्या चाचण्यांवर आणि ब्लड कल्चरवर.

आणखी एक गोष्ट. "सलाईन लावा, ताकद येईल," असा आग्रह आपण धरतो. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या मोठ्या अभ्यासात, ताप येऊन रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांना झपाट्याने सलाईन दिल्यावर मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. जुलाबाने सुकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. सलाईन किती आणि किती वेगाने, हे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ठरवू द्या. गल्लीतल्या सलाईनवर तास घालवू नका.

यापैकी एक जरी दिसलं तरी निघा :

- दूध पीत नाही, सगळं उलटून टाकतं
- हाक मारूनही नीट जागं होत नाही, झटके येतात
- श्वास जोरात : दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त
- श्वास घेताना छाती आत ओढली जाते
- नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंद किंवा जास्त लागतात
- तान्हं बाळ तापण्याऐवजी थंडगार लागतं

108 ला फोन करा. वाटेत बाळ उबदार ठेवा. पोहोचल्यावर स्पष्ट विचारा, "सिस्टर, सेप्सिस तर नाही ना?" सेप्सिसमध्ये अँटिबायोटिक लवकर सुरू होणं फार मोलाचं आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि वाहन मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर आशाताईंना सोबत घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. हा उपकार नाही, आपल्या लेकरांचा हक्क आहे.