नागपुरात निवासी डॉक्टर होताय? घर घेण्याआधी हे पाहा

आधी जागा, मग घर : नीट-पीजीच्या फेऱ्या संपून प्रवेश पक्का झाल्याशिवाय टोकन देऊ नका. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ‘मेडिकल’ हनुमाननगरात, ‘मेयो’ रेल्वे स्थानकाजवळ, एम्स थेट मिहानमध्ये. एका ठिकाणासाठी घेतलेलं घर दुसऱ्यासाठी लांब पडतं.

मुक्काम किती? एमडी-एमएस ३ वर्षांचं. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयातून शिकलात, तर पुढे १ वर्षाची बंधपत्रित सेवा. ती नागपुरातच मिळेल असं नाही. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३च्या नियमांनुसार महाविद्यालयाने निवासाची सोय करायची असते, मात्र तिथे राहण्याची सक्ती नाही.

हाताशी रोकड : ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. घर एकट्या महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत.

कागद : नव्या बांधकामाचा महारेरा क्रमांक तपासा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या लेआउटमधल्या घराचं ‘आरएल’ मागा; गुंठेवारीतला भूखंड नियमित झाल्याचा तो पुरावा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

विकायचं झाल्यास : २४ महिन्यांच्या आत विकलं, तर नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर. शिक्षण संपताच शहर सोडणार असाल, तर भाड्याची खोली बरी.