पेनिसिलिनची कुपी आणि ज्ञानाची किंमत

'ज्ञानाधारित अर्थव्यवस्था' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीतल्या काचेच्या इमारती येतात. संगणक, सॉफ्टवेअर, स्टार्टअप आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. पण याच हिंजवडीपासून फार लांब नसलेल्या पिंपरीत ज्ञानाधारित उद्योगाचा एक मोठा प्रयोग सत्तर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. तिथे पेनिसिलिन तयार होत असे. ते ज्ञान आपण कसे मिळवले, कसे घालवले आणि आता ते परत आणण्यासाठी किती पैसे मोजतो आहोत, हे समजून घेण्यासारखे आहे. या साऱ्याचा परिणाम शेवटी रुग्णाच्या दंडावर किंवा कमरेवर टोचल्या जाणाऱ्या एका साध्या इंजेक्शनवर होतो.

ते इंजेक्शन म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, आठ-पंधरा दिवसांत बरे वाटते. काही मुलांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. हा संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग पुन्हा झाला, की झडपा आणखी खराब होतात. ते टाळण्यासाठी दर तीन आठवड्यांनी हे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही अनेक वर्षे. झडपा जास्त खराब असतील तर चाळिशीपर्यंत आणि कधी त्यापुढेही. हा आजार दाटीवाटीच्या वस्त्यांचा आणि गरिबीचा आहे. त्यामुळे त्याचे बहुतेक रुग्ण सरकारी रुग्णालयांतच येतात. तिशीच्या आत धाप लागणारी, बाळंतपणात जीव धोक्यात येणारी तरुण बाई आमच्या वॉर्डात आजही दिसते. ज्या झडपेवर पुढे फुगा घालून किंवा शस्त्रक्रिया करून लाखभर रुपये खर्च होतात, ती झडप हे स्वस्त इंजेक्शन वाचवू शकते. गरोदरपणातल्या सिफिलिससाठीही हेच औषध लागते. आणि नेमक्या याच औषधाचा तुटवडा जगभर पुन्हा पुन्हा जाणवत आला आहे.

शोध एक, उत्पादन वेगळे

अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिन शोधले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्यानंतर तब्बल बारा-तेरा वर्षे या शोधाचा रुग्णांना जवळपास काहीच उपयोग नव्हता. ऑक्सफर्डमध्ये १९४१ साली जंतुसंसर्गाने आजारी असलेल्या एका पोलिसाला हे औषध देण्यात आले. तो सुधारू लागला. पण औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा गाळून काढून त्यालाच दिले गेले, तरी ते पुरले नाही आणि तो दगावला. डॉक्टरांकडे ज्ञान होते, पण पुरेसे औषध नव्हते.

ही अडचण सुटली ती अमेरिकेत पिओरिया या गावी असलेल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी बुरशीला खाद्य म्हणून दिले, तर पेनिसिलिनचे उत्पादन कितीतरी वाढते, हे तिथे लक्षात आले. एका खरबुजावर बुरशीचा अधिक जोमदार वाण सापडला. उथळ भांड्यांऐवजी मोठ्या टाक्यांत निर्जंतुक हवा सोडून बुरशी वाढवण्याचे तंत्र बसवले गेले. युद्धकाळात सरकारने कंपन्यांना एकत्र आणले, खरेदीची हमी दिली आणि काही वर्षांतच प्रयोगशाळेतले दुर्मीळ औषध सैनिकांपर्यंत पोहोचले. पेनिसिलिन शोधले शास्त्रज्ञांनी. ते सर्वांना मिळेल असे केले ते धोरणाने.

पिंपरीची टाकी

स्वतंत्र भारताने हा धडा लवकर घेतला. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखी यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी देशात औषधनिर्मिती व्हावी यासाठी आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे पेनिसिलिन तर बनलेच, पण संशोधनही झाले. एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने तिथे बुरशीविरोधी 'हमायसिन' शोधून काढले. त्या नावात कंपनीचीच आद्याक्षरे आहेत.

दुसरे मोठे पाऊल कायद्याचे होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ मध्ये तो अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणार नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, असे या कायद्याने ठरवले. म्हणजे तेच औषध तुम्ही वेगळ्या मार्गाने बनवू शकत असाल, तर खुशाल बनवा. यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञांच्या बुद्धीला एकदम बाजारमूल्य आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉक्टरेट केलेले अंजी रेड्डी हैदराबादच्या सरकारी औषध कंपनीत काम शिकले आणि १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी कारखाने यांत तयार झालेली अशी माणसेच पुढच्या खासगी उद्योगाचा पाया ठरली. २००१ मध्ये 'सिप्ला'ने एचआयव्हीची तीन औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा त्याच उपचाराचा पाश्चात्त्य देशांतला खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांचे आयुष्य त्यातून पुढे वाचले. ज्ञानाची अर्थव्यवस्था याहून वेगळी काय असते?

हातातून निसटलेली कला

मग बिघडले कुठे? नव्वदच्या दशकात आयात खुली झाली. चीनमध्ये प्रचंड मोठ्या टाक्या, स्वस्त वीज आणि सरकारी पाठबळ होते. तिथून येणारे पेनिसिलिन जी आपल्यापेक्षा स्वस्त पडू लागले. इथले प्रकल्प एकामागून एक बंद पडले, पिंपरीची कंपनीही आजारी झाली. त्या वेळी हा व्यवहार शहाणपणाचाच वाटला: स्वस्तात मिळते तर बनवायचे कशाला?

पण पेनिसिलिन जी हा एकाच इंजेक्शनचा कच्चा माल नाही. त्यापासून '६-एपीए' हा मधला पदार्थ आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन बनते. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात रोज लिहिली जाणारी ही औषधे. त्यांच्या गोळ्या आपण बनवत राहिलो, जगाला विकत राहिलो, पण मूळ द्रव्यासाठी एका देशावर अवलंबून झालो. शिवाय बेंझाथिन पेनिसिलिन इतके स्वस्त, की ते बनवण्यात कुणाला फारसा रस उरला नाही. पेटंट कधीच संपलेले, पद्धत पुस्तकात छापलेली, तरीही औषध मिळेना, अशी स्थिती आली.

याचे कारण आंबवण्याच्या प्रक्रियेच्या स्वभावात आहे. टाकीत एक परका जंतू शिरला, तापमान वा आम्लता थोडी हलली, की सगळा घाणा फुकट जातो. कोणत्या घडीला काय करायचे, हे अनुभवी कामगाराच्या आणि अभियंत्याच्या हाताला कळते. दही विरजायची कृती पुस्तकात वाचता येते, पण रोज विरजणाऱ्या घरातच ते नीट लागते. घरातले विरजण एकदा मोडले की ते दुसऱ्याकडून आणावे लागते. ज्ञानाचेही तसेच आहे. ते तिजोरीत ठेवता येत नाही, वापरात ठेवावे लागते.

आता आपण ते विरजण परत आणतो आहोत. कोविडच्या साथीत पुरवठ्याची साखळी कशी तुटते हे दिसल्यावर केंद्राने २०२० मध्ये औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना आणली. त्यातूनच आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन जी चा मोठा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. ही चांगली बातमी आहे. पण अनुदानाची वर्षे संपल्यावर आयात माल पुन्हा स्वस्त झाला, तर काय करायचे, हा प्रश्न उभाच आहे.

त्याचे उत्तर खरेदीच्या धोरणात आहे. सरकार हे अशा औषधांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. निविदेत फक्त सर्वांत कमी दर पाहायचा, की देशात मूळ द्रव्य बनवणाऱ्याला काही वर्षांची खरेदीची हमी द्यायची, हे सरकारला ठरवता येते. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून एकत्रित खरेदी आणि गोदामांची शिस्त बसवली; असे काम सरकारी यंत्रणेला जमते, हे त्यातून दिसले. दुसरी गोष्ट संशोधनाची. २०२०-२१ मध्ये आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करत होता. दक्षिण कोरियात हे प्रमाण चार टक्क्यांच्या वर आहे. आणि तिसरी गोष्ट माणसांची: आंबवण्याच्या तंत्रात हात मुरलेल्या तंत्रज्ञांची नवी पिढी आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून तयार व्हायला हवी.

वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मुलाचा घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांत सांधे सुजले, धाप लागली, तर दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू केले असेल, तर बरे वाटते म्हणून तारीख चुकवू नका. ती तारीख रुग्णाने पाळायची. त्या दिवशी औषधाच्या कपाटात कुपी असेल, ही जबाबदारी मात्र देशाच्या धोरणाची.