शेवंतीची तोडलेली रात्र

श्रोतेहो, अकोळनेरची शेवंती आपणां नगरकरांच्या परिचयाची आहे. रात्री लांबल्या कीं तिला कळ्या येतात. दिवसमान आणि फुलणें यांचा हा संबंध गार्नर व ॲलार्ड यांनीं १९२० सालीं दाखविला. हिंवाळ्यांत हरितगृहांतील रोप वाढण्यापूर्वींच कळ्यांवर आलें, तर दांडा आखूड राहतो आणि भाव पडतो. म्हणून मध्यरात्रीं कांहीं तास दिवे लावून रात्र तोडतात. हा उजेड रोपाचें अन्न नव्हे. ती फसवणूक आहे! जन्मभर मुलांना सत्य शिकविणाऱ्या मास्तरानें ती सुचवावी, हें नवलच. फसविण्यास मंद उजेडही पुरतो. पूर्वींच्या शंभर वॅटच्या दिव्यांतील बहुतेक वीज उष्णतेंत जाई. तितकाच उजेड एलईडी दिवा दहा-बारा वॅटांत देतो. त्यांतही तांबडा निवडावा. पानांतील रात्र मोजणारें द्रव्य त्यालाच अधिक दाद देतें. दांडा पुरेसा वाढला कीं दिवे मालवावे. पुढें आठ-दहा आठवड्यांनीं फुलें हातीं येतात.