पोचमपल्लीला तीन तास द्या

हैदराबाद पाहायला गेलेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. चारमिनार, लाड बाजार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय एवढे झाले की एखादा दिवस उरतो आणि तो शहराबाहेरच्या सहलीला जातो. हॉटेलच्या काउंटरवर, पर्यटन महामंडळाच्या कचेरीत किंवा टॅक्सीवाल्याकडे या दिवसाचे पर्याय तयारच असतात: रामोजी फिल्म सिटी, नागार्जुनसागर, नाहीतर वरंगळच्या रस्त्यावरची ठिकाणे. सकाळी लवकर गाडी निघते, सोबत गाईड असतो, चार-पाच थांबे होतात आणि रात्री मंडळींना परत आणून सोडतात. वेळ थोडा, भाषा परकी, गाडी आपली नाही, अशा माणसासाठी ही सोय मोलाची आहे. म्हणूनच तिची रचना नीट तपासली पाहिजे. सहलीची किंमत थांब्यांच्या संख्येवर ठरवणे चूक आहे. एका थांब्यावर कळलेले पुढच्या थांब्यावर उपयोगी पडते की नाही, यावर ती ठरली पाहिजे. हे पटवायला वरंगळच्या वाटेवरचे एक गाव पुरेसे आहे, भूदान पोचमपल्ली.

आधी हिशेब पाहू. या दिशेची सर्वांत मोहक जाहिरात असते ती वरंगळ आणि रामप्पा मंदिर एका दिवसात दाखवण्याची. पालमपेटचे रामप्पा मंदिर हैदराबादपासून सुमारे २१० किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन चारशेच्या वर. ताशी पन्नासचा वेग धरला तरी आठ तास गाडीत गेले. जेवणखाण, चहा, वाहनांची गर्दी धरली की वरंगळचा किल्ला, हनमकोंड्याचे हजार खांबी मंदिर आणि रामप्पा या तिघांच्या वाट्याला मिळून तीन-चार तास उरतात. रामप्पा मंदिर काकतीय राजा गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याने १२१३ मध्ये उभारायला घेतले. पाया वाळूच्या थरावर, शिखर पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटांचे, आणि छताखाली काळ्या दगडातल्या मदनिका. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतले. मराठी वाचकाला आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. हा गणपतिदेव तरुणपणी देवगिरीच्या यादवांच्या कैदेत होता आणि यादव राजा जैतुगीने सोडल्यावर तो गादीवर आला. एवढे सगळे पाऊण तासात बसत नाही. वरंगळला रात्रीचा मुक्काम करावा आणि रामप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे, हेच खरे. एका दिवसाच्या सहलीने तिकडे धावू नये.

एका दिवसाला पेलेल असा पट्टा त्याच रस्त्यावर, पण अलीकडे आहे. सुमारे ४५ किलोमीटरवर पोचमपल्ली, जवळपास तेवढ्याच अंतरावर भुवनगिरी, त्यापुढे यादगिरीगुट्टा, आणि ऐंशीएक किलोमीटरवर आलेरजवळचे कोलनुपाक. भुवनगिरीचा किल्ला एकाच अखंड प्रचंड खडकावर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्याशी त्याची उभारणी जोडली जाते. २०१४ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढणारी मालावत पूर्णा याच खडकांवर चढाई शिकली. यादगिरीगुट्ट्याचे नरसिंहाचे मंदिर नव्याने बांधून मार्च २०२२ मध्ये दर्शनासाठी खुले झाले. कोलनुपाक जैनांचे कुलपाकजी तीर्थ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच गावातल्या सोमेश्वराच्या लिंगातून रेणुकाचार्य प्रकट झाले अशी वीरशैवांची श्रद्धा आहे, त्यामुळे सोलापूर-लातूरकडच्या लिंगायत घरांतही हे नाव परिचित असते. कागदावर ही यादी भरगच्च दिसते. प्रत्यक्षात तिच्यातला सर्वांत अर्थपूर्ण थांबा सर्वांत कमी वेळात उरकला जातो. बहुतेक आखण्यांत पोचमपल्ली म्हणजे साडी खरेदीचा अर्धा तास.

या अर्ध्या तासात काय हुकते ते पाहा. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याकडून पायी निघाले आणि हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पोचले. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला हा माणूस संमेलन संपल्यावर परत फिरला नाही. तो तेलंगणातल्या खेड्यांत शिरला. निजामाची राजवट १९४८ मध्ये संपली होती, पण जमीनदारांविरुद्धचा कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा अजून चालू होता. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली, चाळीस जिरायत आणि चाळीस बागायत. विनोबांनी गावासमोर प्रश्न ठेवला आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. भूदान तिथे सुरू झाले. त्या पहिल्या फेरीत ५१ दिवसांत सुमारे बारा हजार एकर जमीन दान मिळाली. पुढे देशभर जे दान मिळाले त्यातल्या मोठ्या हिश्शाचे वाटप झालेच नाही, बरीच जमीन नापीक निघाली, आणि हैदराबादच्या आसपासच्या भूदान जमिनींचे वाद न्यायालयात गेले. या दोन्ही बाजू सांगणारा गाईड हवा. नुसता गौरव सांगितला तर पर्यटक पुतळा पाहून निघतो. नुसते अपयश सांगितले तर मालक आणि भूमिहीन एकमेकांवर शस्त्र धरून असताना एका गावात मागून जमीन मिळाली, ही गोष्ट किती मोठी होती ते कळत नाही. मराठवाडाही तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता. आपल्याच इतिहासाचा हा भाग आहे.

दुसरी हुकणारी गोष्ट मागाआधीची आहे. पोचमपल्लीची इकत साडी दुकानात घडी उलगडून दाखवतात आणि पर्यटकाला वाटते, कौशल्य विणण्यात आहे. खरे कौशल्य त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. इकतमध्ये कापड रंगवत नाहीत, नक्षी छापत नाहीत. सूत विणायच्या आधीच त्याचा कोणता इंच लाल आणि कोणता पांढरा राहणार हे ठरवतात. त्यासाठी आडवे धागे एका चौकटीवर ताणून घ्यावे लागतात. एका टोकाला एक खुंटी, समोर अर्धवर्तुळात ओळीने खुंट्या. धागा या खुंटीवरून त्या खुंटीला, पुन्हा मागे, पुन्हा पुढच्या खुंटीला, असा हाताने फिरवायचा. याला आसू म्हणतात. हे काम पिढ्यान्पिढ्या घरातल्या बायकांनी केले. एका साडीसाठी हात सुमारे नऊ हजार वेळा मीटरभर अंतर जा-ये करतो, आणि त्यात चार-पाच तास जातात. दिवसात दोन साड्यांचे सूत काढायचे तर अठरा हजार वेळा. यानंतर धाग्यांवर कोळशाने नक्षी आखायची, जो भाग कोरा ठेवायचा तो सायकलच्या ट्यूबच्या रबरपट्ट्यांनी घट्ट बांधायचा, रंगात बुडवायचे, वाळवायचे, सोडायचे, दुसऱ्या रंगासाठी पुन्हा बांधायचे. मग धागा उकलून त्याच क्रमाने कांड्या भरायच्या. क्रम चुकला की धोटा कितीही सफाईने चालो, नक्षी मोडते. साडीवरच्या आकृतीची कड किंचित पसरट दिसते ती याचमुळे: रंग बांधलेल्या गाठीखाली केसभर शिरतो.

या आसूच्या कामाने बायकांचे खांदे आणि डोळे झिजत. आलेरजवळच्या शारजीपेट गावच्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचे हे दुखणे लहानपणापासून पाहिले. सहावीनंतर त्यांची शाळा सुटली होती, यंत्रशास्त्राचे शिक्षण नव्हते. १९९२ पासून ते या हालचालीचे यंत्र करण्याच्या मागे लागले. अडचण वेगाची नव्हती. धागा न तुटता, ताण न बदलता, प्रत्येक खुंटीवर नेमक्या वेढ्यांनी बसवायचा आणि मग पुढच्या खुंटीकडे सरकायचे, ही बाईच्या बोटांना सहज जमणारी गोष्ट लोखंडाला शिकवायची होती. १९९९ मध्ये यंत्र चालले. आईच्या नावावरून त्याला लक्ष्मी आसू यंत्र म्हणतात. चार-पाच तासांचे काम दीड तासावर आले, आणि २०१७ मध्ये मल्लेशम यांना पद्मश्री मिळाली. या यंत्राने हातमाग मारला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नक्षी आखणे, बांधणे, रंगवणे, विणणे माणसाकडेच राहिले. फक्त शरीर मोडणारा टप्पा यंत्राने उचलला. कारागिरी टिकवायची म्हणजे तिच्यातले हाल टिकवायचे असे नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. आलेर तर कोलनुपाकच्या वाटेवरच आहे. तरीही पोचमपल्लीत साडी पाहिलेला पर्यटक आलेरवरून पुढे जातो आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून पोचमपल्लीला तीन तास. ही मागणी कामाच्या रचनेतूनच येते. सगळी कामे एका छपराखाली चालत नाहीत. एका घरी आसू, दुसऱ्या अंगणात रंगाची भांडी, तिसरीकडे माग. ती क्रमाने पाहायला चालावे लागते, थांबावे लागते, विचारावे लागते. त्यानंतर विनोबांच्या स्मृतिस्थळाशी तासभर. एवढे झाल्यावर भुवनगिरीचा खडक पायथ्यापासून पाहून घ्यावा, ज्यांना झेपेल त्यांनी चढावे, आणि दुपारनंतर कोलनुपाक करून परतावे. थांबे तीन, अंतर रामप्पाच्या सहलीच्या निम्म्याहून कमी, आणि जमीन, सूत, श्रद्धा हे या भागाचे तिन्ही पदर एकमेकांना लागून दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बहुतेकांना मंदिर आणि खरेदी हवी असते, मागाचा अभ्यास नको असतो. हे काही अंशी खरे आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पैठणी घेताना पदरावरचे मोर उलटसुलट करून पाहणाऱ्या बाईला आसू समजणार नाही, असे मानणे तिचा अपमान आहे. काय घेतो आहोत हे कळले तर खरेदीच चोख होते. छापील नकलेत नक्षी मागच्या बाजूने फिकी पडते, खऱ्या इकतमध्ये दोन्ही बाजू सारख्या. एवढे एक ज्ञान घेऊन माणूस दुकानात शिरला तर फसवणूक अवघड होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रोज बस येऊ लागली तर विणकराचे घर प्रदर्शन होईल. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पोचमपल्लीला उत्तम पर्यटन गावांत निवडल्यापासून ही भीती वाढली आहे. हिचे उत्तर पर्यटक रोखून मिळणार नाही. ज्या घरात माणसे डोकावतात त्या घराला ठरलेली रक्कम मिळावी, आणि ती साडी विकली जावो न जावो मिळावी. आज फायदा दुकानात होतो आणि दाखवण्याचे श्रम घरात होतात. हा तोल सुधारला तर पाहुणा ओझे वाटणार नाही.

अडचणी मात्र इथेच संपत नाहीत. सगळ्यांत हट्टी अडचण यादगिरीगुट्ट्याची. शनिवार-रविवारी आणि सणावारी तिथली दर्शनरांग किती वेळ घेईल याचा अंदाज कोणी देऊ शकत नाही, आणि देवदर्शन अर्धवट सोडा असे कुठलाही गाईड सांगू शकत नाही. रांग लांबली की वेळ कापला जातो तो पोचमपल्लीचा, कारण तिथे कोणी वाट पाहत नसते. भाविकांसाठी दर्शनाची सहल वेगळी काढणे हाच त्यावर उपाय. दोन वेगळ्या हेतूंची माणसे एका वेळापत्रकात कोंबली की दोघांचाही दिवस वाया जातो. दुसरी अडचण गाईडची. दुकानाच्या कमिशनवर त्याचे घर चालत असेल तर तो दुकानातच थांबणार. त्याला दिवसाचा पुरा मोबदला सहलीच्या तिकिटातून मिळाला पाहिजे, तिकीट थोडे महागले तरी चालेल. नांदेड, लातूर, सोलापूरहून एवढी माणसे हैदराबादला जातात, तरी मराठीत बोलणारा गाईड शोधावा लागतो. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या घरांत तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. माग आणि दोन्ही भाषा जाणणारी तरुण मुले तिथे मिळू शकतील.

तिसरी अडचण सहल आखणाऱ्यांच्या हातातली नाही. विणकरांची पुढची पिढी मागावर बसायला तयार नाही, आणि हैदराबाद इतके जवळ असताना तिला दोष देता येत नाही. शहर स्वतःच या गावांकडे सरकते आहे. नियोजित रिजनल रिंग रोड भुवनगिरी आणि चौटुप्पल भागातून जातो, आणि जमीन संपादनाला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. जिथे जमीन मागून मिळाली होती, त्याच जिल्ह्यात आज जमिनीचा मोबदला पुरेसा आहे का, यावर भांडण आहे. उद्या रस्ता झाला की सहलीचा वेळ वाचेल. तो वेळ पाचव्या-सहाव्या थांब्यात घातला तर काहीच कमावले नाही असे होईल.

पर्यटन महामंडळाने ही आखणी बदलावी, हे योग्यच. पण सहल बदलते ती गिऱ्हाइकाच्या मागणीने. म्हणून हैदराबादला जाणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे: गाडी ठरवताना किती ठिकाणे दाखवणार हे विचारू नका. पोचमपल्लीत किती वेळ थांबणार, कोणाच्या घरी नेणार आणि त्या घराला काय देणार, हे विचारा. तीन तास मिळत नसतील तर ती सहल घेऊ नका, दुसरी गाडी पाहा.